दाताचा फोटो किती दिवसांनी काढायचा?

मोरव्यात आमच्या गल्लीत दोन घरे आहेत, मध्ये एकच खोली. पहिल्या घरातल्या मावशी भाईंदरला चार ठिकाणी धुणीभांडी करतात. त्यांची खालची दाढ दोन वर्षे ठणकत होती. एकदा हिंमत करून त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर म्हणाले, आधी फोटो काढू. शेजारणीने आदल्याच दिवशी सांगितले होते की ते मशीन तोंडाला लावले की कॅन्सर होतो. मावशी खुर्चीवरून उठल्या आणि घरी आल्या. पुढचे आठ महिने मेडिकलवरच्या गोळीवर काढले. गोळी घेतली की ठणका थांबायचा, मग दाढ विसरायची.

पावसाळ्यात एका रात्री त्यांच्या नातीने आमचे दार वाजवले. मावशींच्या हनुवटीखाली दगडासारखी सूज होती, जीभ वर उचलली गेली होती, थुंकी गिळता येत नव्हती. नर्सिंग शिकताना आम्ही ही अवस्था पुस्तकात वाचली होती. खालच्या दाढेतला पू जबड्याखाली उतरला की श्वासाची वाट दाबली जाते आणि माणूस काही तासांत जाऊ शकतो. रिक्षाने थेट हॉस्पिटल गाठले. हनुवटीखाली चिरा देऊन पू काढला. नऊ दिवस मावशी ॲडमिट होत्या. तेवढ्यात दोन घरची कामे सुटली.

दुसऱ्या घरातला मुलगा सातवीत. त्याच्या आईने एका दवाखान्यात वर्षाची स्कीम घेतली होती. दात साफ करून मिळणार आणि दर सहा महिन्यांनी पूर्ण जबड्याचा मोठा फोटो. ताईंनी पिशवीतून तीन काळ्या फिल्म काढून आमच्यासमोर पसरल्या. आम्ही उजेडात धरून पाहिल्या. मुलाचा एकही दात किडलेला नाही, दुखत नाही, वाकडा नाही. तिन्ही फिल्मबरोबरच्या कागदांवर कारण काय लिहिले होते? काहीच नाही. ताई विचारत होत्या, "सिस्टर, आता चौथा कधी काढायचा?"

मावशींना एक फोटो हवा होता, तो निघाला नाही. या मुलाला एकही नको होता, त्याचे तीन निघाले. शिबिराच्या दिवशी आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असतो, म्हणून या वेळी पूर्ण पान त्यालाच दिले आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. दाताचा फोटो तारखेने काढायचा नसतो. डॉक्टरने आधी तोंडात बघायचे, काय दुखते, कधीपासून दुखते, शुगर आहे का, तंबाखू आहे का ते विचारायचे, आणि डोळ्यांना दिसत नाही असे काही बघण्याची गरज वाटली तरच फोटो सांगायचा. तोंड न उघडताच "चला, आधी एक्स-रे काढून या" असे कोणी म्हणत असेल, तर तिथे थांबून का म्हणून विचारावे.

आता डोळ्यांना काय दिसत नाही ते पाहू. दोन दाढा एकमेकींना चिकटून असतात, त्यांच्या फटीत लागलेली कीड वरून दिसत नाही. दाढेचे मूळ हाडात रुतलेले असते, त्याच्या टोकाला साठलेला पू दिसत नाही. हिरडीखालचे हाड किती झिजले ते दिसत नाही. अक्कलदाढ आडवी पडून पुढच्या दाढेला ढकलत असेल तर तेही दिसत नाही. या चार-पाच गोष्टींसाठी फोटो आहे. मावशींच्या मुळाशी साठलेला पू एका छोट्या फोटोत दिसला असता आणि दाढ काढून किंवा नस साफ करून प्रकरण तिथेच मिटले असते.

फोटोही एका जातीचा नसतो. तोंडात बोटभर फिल्म किंवा वायरला जोडलेली पट्टी ठेवून एक-दोन दातांचा काढतात तो छोटा फोटो. त्याला दवाखान्यात आयओपीए म्हणतात, कॉम्प्युटरवर दिसणारा असेल तर आरव्हीजी. दातांनी पट्टी चावून धरायला लावतात आणि वरच्या-खालच्या दाढांच्या फटी एकदम बघतात, तो बाइटविंग. उभे करून डोक्याभोवती मशीन फिरते आणि पूर्ण जबडा येतो, तो ओपीजी. आणि अलीकडे आलेला थ्री-डी फोटो, सीबीसीटी. तो स्क्रू बसवून दात लावताना किंवा आडव्या अक्कलदाढेची मुळे नसेजवळ असतील तर लागतो. साध्या किडलेल्या दाढेला सीबीसीटी सांगितला तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय पैसे भरू नका.

कॅन्सरची भीती खोटी आहे असे म्हणून आम्ही हात झटकणार नाही. एक्स-रे म्हणजे किरणे आहेत, आणि किरणे पेशींना इजा करू शकतात. प्रश्न मात्र किती, हा आहे. जमिनीतून, आकाशातून, हवेतून, अन्नातून आपल्या सर्वांच्या अंगावर रोज थोडी किरणे पडतात. ती मोजायला मायक्रोसिव्हर्ट हे माप आहे. जगाची सरासरी काढली तर माणसाला वर्षाला सुमारे 2400 मायक्रोसिव्हर्ट निसर्गातूनच मिळतात, म्हणजे दिवसाला साधारण साडेसहा. दाताच्या एका छोट्या फोटोला साधारण 5 मायक्रोसिव्हर्ट लागतात. घरात बसून एका दिवसात जितकी किरणे मिळतात तितकीच, किंवा त्याहून थोडी कमी. ओपीजीला दोन-चार दिवसांइतकी. थ्री-डीला मात्र मशीन आणि भागाप्रमाणे काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत. आणि पोटाच्या एका सीटी स्कॅनला आठ-दहा हजार. दाताचे छोटे फोटो दीड-दोन हजार काढले तर सीटीच्या एका खेपेची बरोबरी होईल. गंमत म्हणजे आपली माणसे सीटीला न विचारता आडवी होतात आणि दाताच्या फोटोला घाबरतात.

तरी शास्त्रज्ञ असे धरून चालतात की धोका किरणांबरोबर हळूहळू वाढतो, शून्य कधीच होत नाही. म्हणून रुग्णासाठी "वर्षाला इतके फोटो चालतील" असा आकडा कुठेच ठरवलेला नाही. गरज असेल तर एका आठवड्यात चार निघाले तरी योग्य, गरज नसेल तर वर्षात एकही अयोग्य. लहान मुलांच्या बाबतीत हे जास्त कडकपणे पाळायचे, कारण त्यांच्या वाढत्या पेशी किरणांना जास्त नाजूक असतात आणि त्यांचे पुढचे आयुष्यही मोठे असते. त्या सातवीतल्या मुलाच्या तीन ओपीजींनी त्याचे काही वाईट झाले असेल असे आम्हाला वाटत नाही. पण त्यातून त्याला काहीच मिळाले नाही, आणि त्याच्या आईचे पैसे गेले.

तरीही ज्यांना अंदाज हवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेच्या दंतवैद्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षे वापरलेले कोष्टक जगभरच्या दंत महाविद्यालयांत शिकवले जाते. ते फक्त फटींतली कीड बघणाऱ्या बाइटविंगबद्दल आहे, मोठ्या ओपीजीबद्दल नाही. ज्या मुलाला सध्या कीड आहे किंवा लागण्याची शक्यता जास्त आहे, त्याचा सहा ते बारा महिन्यांनी. अशाच मोठ्या माणसाचा सहा ते अठरा महिन्यांनी. कीड नाही, दात स्वच्छ, अशा लहान मुलाचा एक ते दोन वर्षांनी, वाढत्या वयातल्या मुलामुलींचा दीड ते तीन वर्षांनी, मोठ्या माणसाचा दोन ते तीन वर्षांनी. आणि दातांमध्ये मोकळ्या फटी असतील, सगळे डोळ्यांनी दिसत असेल, तर तेवढाही नको. हिरडीच्या आजारासाठी तर महिनेच ठरवलेले नाहीत. डॉक्टरने हिरडी तपासून ठरवायचे.

शक्यता जास्त कोणाला? दिवसभर चहा-बिस्किट, गोळ्या-चॉकलेट, थंड पेय चालू असणाऱ्यांना. गेल्या दोन-तीन वर्षांत सिमेंट भरलेल्यांना. ज्यांचे तोंड सतत कोरडे पडते त्यांना, मग ते शुगरमुळे असो, बीपीच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्यांमुळे असो, की मानेला रेडिएशन घेतल्यामुळे असो. आमच्या वस्तीत चहात बुडवलेले बिस्किट हा लहान मुलांचा सकाळचा नाश्ता असतो आणि मुले पंधरा-वीस मिनिटे तो चघळत बसतात. त्या मुलांना फोटोपेक्षा चूळ भरायला लावणे जास्त उपयोगाचे आहे, पण तो वेगळा विषय.

मुलांचे आणखी एक. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या सगळ्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना वाटते ही पण दुधाची, किडली तर पडेल. ती पडत नाही. ती कायमची असते आणि आयुष्यभर चावण्याचे सर्वांत जास्त काम तीच करते. सहा-सात वर्षांच्या मुलाला एकदा तरी दाताच्या डॉक्टरला दाखवा. बहुतेक वेळा फोटोची गरजही पडत नाही, आणि दाढेच्या खाचा भरून घेता येतात.

रूट कॅनलमध्ये एकाच दाढेचे तीन-चार फोटो निघतात आणि लोक घाबरून मोजू लागतात. एका काकांनी तर डॉक्टरशी भांडण केले. इथे डॉक्टरची बाजू घ्यायला हवी. पहिला फोटो मूळ कसे आहे ते बघायला. दुसरा, मुळात घातलेली सुई टोकापर्यंत पोचली का ते मोजायला. तिसरा भरण्याच्या आधी, आणि शेवटचा पूर्ण भरले का ते बघायला. न बघता भरले तर टोकाशी पू राहतो आणि वर्षभराने तीच दाढ, वर टोपी बसवलेली, पुन्हा ठणकते. हे चार फोटो वाचवू नका.

गरोदर बायकांना घरातली मोठी माणसे फोटो काढू देत नाहीत. दाढ सुजलेली, रात्रभर झोप नाही, तरी नऊ महिने थांब म्हणतात. दाताच्या फोटोची किरणे तोंडावर एका लहान गोल भागात पडतात, पोटावर नाही. पोटापर्यंत पोचणारा भाग जवळजवळ काहीच नसतो. गरज असेल तर गरोदरपणात दाताचा फोटो काढता येतो, असे बाळंतपणाचे आणि दातांचे दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ सांगतात. साठलेला पू आणि ताप बाळाला जास्त त्रासदायक. दिवस गेले आहेत हे डॉक्टरला आधी सांगावे, एवढेच. जे थांबू शकते ते डॉक्टर पुढे ढकलतील. अंगावर पाजणाऱ्या बाईला तर काहीच अडचण नाही, दूध काढून फेकावे लागत नाही.

गळ्याला शिशाचा पट्टा आणि अंगावर एप्रन घालायचा का, हे दर वेळी विचारले जाते. 2024 मध्ये अमेरिकेच्या त्याच संघटनेने सांगितले की आताच्या मशीनचा झोत इतका नेमका पडतो की दाताच्या फोटोला एप्रन आणि पट्टा यांची गरज उरलेली नाही, आणि ओपीजीत तर पट्टा मध्ये येऊन फोटो बिघडतो आणि पुन्हा काढावा लागतो. आपल्याकडे दवाखान्यादवाखान्यात जुनी-नवी मशीन आहेत. छोट्या फोटोला, त्यातही मुलांना, पट्टा दिला तर घाला, मागायला लाजू नका. नाही दिला म्हणून उपचार सोडून मात्र उठू नका.

एप्रनपेक्षा जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे फोटो पुन्हा काढावा न लागणे. मान हलली, पट्टी सरकली की फोटो धूसर येतो आणि दुसरा काढतात. मळमळ होत असेल तर आधी सांगा, नाकाने श्वास घ्या. मूल फारच रडत असेल तर त्या दिवशी न काढलेला बरा.

इथे थोडे विषयाच्या बाजूला जातो, पण हे लिहायला कधीपासून हवे होते. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी मुली दहावी-बारावीनंतर भाईंदर, मिरा रोडच्या दातांच्या दवाखान्यांत हेल्पर म्हणून लागतात. त्यातली एक आम्हाला म्हणाली, "पेशंटला पट्टी धरता येत नाही ना, मग मीच बोटाने दाबून धरते." दिवसाला पाच-सहा वेळा, दोन वर्षे. कोणता दवाखाना ते इथे लिहीत नाही, पण तो एकटाच नसणार. रुग्णाला वर्षातून एखादा फोटो पडतो, हेल्परच्या बोटांवर तो वर्षात हजारभर वेळा पडतो.

हा धोका आजचा नाही. रोंटजेनने 1895 च्या नोव्हेंबरात एक्स-रे शोधला आणि दोन-तीन महिन्यांतच जर्मनीत ओटो वॉल्कहॉफ नावाच्या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा फोटो काढला. त्यासाठी तो 25 मिनिटे मशीनसमोर पडून होता. आता सेकंदाचा काही भाग पुरतो. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे डॉ. एडमंड केल्स यांनी 1896 पासून दाताचे एक्स-रे काढले. तेव्हा मशीन नीट लागले का हे ते स्वतःचा हात मध्ये धरून बघत. हाताला कॅन्सर झाला, एकेक करून बोटे गेली, मग हात गेला. 1928 मध्ये त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. त्या काळच्या किरणांच्या मानाने आजची अगदी थोडी आहेत, पण रोज त्याच बोटांवर घेण्याचे काहीच कारण नाही.

नियम साधा आहे. फिल्म किंवा पट्टी धरायला प्लास्टिकचा होल्डर असतो, तो वापरायचा. होल्डर नसेल तर रुग्णाने स्वतःच्या बोटाने धरायची. लहान मुलाला धरायचे असेल तर त्याच्या आईवडिलांपैकी एकाने, एप्रन घालून. हेल्परने नाही, डॉक्टरनेही नाही. बटण दाबताना काम करणाऱ्याने भिंतीच्या किंवा पडद्याच्या मागे, नाहीतर निदान सहा फूट दूर उभे राहायचे. ज्या मुलींच्या घरी हा अंक जातो त्यांनी हा परिच्छेद कापून दवाखान्यात दाखवला तरी चालेल.

एक्स-रेच्या मशीनवर आपल्या देशात देखरेख करणारी संस्था मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. तिचे नाव अणुऊर्जा नियामक परिषद, इंग्रजी आद्याक्षरांनी एईआरबी. दाताचे मशीनही तिच्याकडे नोंदवावे लागते. दवाखान्यात नोंदणीचा कागद आहे का, हे विचारणे गैर नाही. चांगला डॉक्टर रागावत नाही, उलट दाखवतो.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि हे विशेष करून आमच्या मशेरी लावणाऱ्या आजी-मावशींसाठी आणि तंबाखूची पुडी गालात धरणाऱ्या दादांसाठी. दाताचा फोटो हाड आणि दात दाखवतो. गालाच्या आतला पांढरा चट्टा, जिभेच्या कडेची न भरणारी जखम, आवळत चाललेली कातडी, यातले काहीही त्यात सुरुवातीला दिसत नाही. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी टपरीवर काय मिळते ते आम्हाला सांगायला नको. "एक्स-रे नॉर्मल आला" म्हणून निर्धास्त होणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. तोंड उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का बघा. जात नसतील, तिखट लागल्यावर आग होत असेल, पंधरा दिवसांत न भरलेली जखम असेल, तर डॉक्टरला गाल आणि जीभ बघायला सांगा. त्याला मशीन लागत नाही, बॅटरी आणि लक्ष लागते. संशय आला तर तुकडा काढून तपासतात, आणि त्यासाठी परळला टाटा हॉस्पिटल आहे.

कुठे जायचे? भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, ज्याला आपण सगळे टेंभा म्हणतो. तिथे दातांच्या ओपीडीचे वार आणि वेळ आधी विचारून जा, नाहीतर मोरव्याहून बसचे भाडे आणि अर्धा दिवस वाया जातो. मोठे काम असेल, खासगी दवाखान्याने हजारोंचा आकडा सांगितला असेल, तर मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे, महापालिकेचे. भाईंदरहून एकाच लोकलने जाता येते. सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे शिकणारे डॉक्टर उपचार करतात आणि त्यांच्यावर शिकवणारे असतात. वेळ लागतो, दोन-तीन फेऱ्या होतात. सकाळी लवकर केसपेपर काढा. रोजंदारीवर असणाऱ्याला हा खाडा परवडत नाही, हे आम्हाला माहीत आहे. त्या मावशींचे नऊ दिवस आम्ही पाहिले म्हणूनच सांगतो आहोत.

खुर्चीत बसल्यावर विचारायला दोनच प्रश्न पुरेत. "डॉक्टर, या फोटोत तुम्हाला काय बघायचे आहे?" आणि "फोटोत काही निघाले नाही तर उपचार बदलणार का?" पहिल्याचे उत्तर मिळाले नाही, किंवा दुसऱ्याला "नाही, उपचार तोच" असे आले, तर फोटो थांबू शकतो. आणि काढून झाल्यावर तो पडद्यावर दाखवायला सांगा. फिल्म असेल तर मागून घ्या, कॉम्प्युटरवर असेल तर मोबाइलवर घ्या. पैसे तुम्ही भरले आहेत, फोटो तुमचा आहे. दवाखाना बदलला की नवा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सगळे फोटो सांगतो, ते यामुळे वाचते. जुना आणि नवा शेजारी ठेवला की कीड वाढली की थांबली हेही कळते.

त्या ताईंना आम्ही सांगितले की चौथा फोटो काढू नका, पण आधीचे तीन फेकूही नका. अक्कलदाढेच्या वयात मुलाला काही त्रास झाला तर त्यातला शेवटचा उपयोगी पडेल. त्यांनी तिन्ही फिल्म प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर ठेवल्या आहेत. मावशींची दाढ निघाली. दुसऱ्या बाजूची एक ठणकते आहे म्हणतात. त्यांच्याबरोबर नायरला जायचे आम्ही ठरवले आहे, सोमवारी.